राष्ट्राचे धोरण आणि वाडीची विहीर

शाश्वत विकास हा शब्द आता खेड्यापाड्यांतही परिचयाचा झाला आहे. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात तो आढळतो, योजनांच्या पुस्तिकांत आढळतो आणि शाळेतील मुलांच्या निबंधांतही आढळतो. जो शब्द सर्वांच्या तोंडी बसतो, त्याचा अर्थ पुसट होण्याचा धोका असतो. वास्तविक बागाइतदारास या शब्दामागील कल्पना मुळीच नवी नाही. पेरणीसाठी राखून ठेवलेले बी अडचणीच्या दिवसांतही खावयाचे नाही, हा नियम पाळणारा शेतकरी याच तत्त्वाचे आचरण करीत असतो. आजची गरज भागवावी, पण उद्याच्या माणसाची तोंडमिळवणी हिरावून घेऊ नये, एवढाच त्याचा सरळ अर्थ होय.

प्रश्न उरतो तो असा की, राष्ट्राने आखलेले धोरण आणि वाडीतील विहीर यांचा एकमेकांशी संबंध नेमका कोठे येतो? वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील एका गावी कृषी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने या विषयावर नुकतेच एक सादरीकरण केले. त्या वेळी उपस्थित राहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. तेथे झालेली चर्चा सर्व बागाइतदारांस उपयोगी पडण्यासारखी असल्यामुळे तिचा विचार येथे केला आहे.

विद्यार्थ्यांनी काय मांडले?

कृषी पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थ्यांस ग्रामीण कार्यानुभवासाठी काही महिने खेड्यात पाठविण्यात येते. त्यांस कृषिदूत व कृषिकन्या असे म्हणतात. मातीचा नमुना कसा घ्यावा, बीजप्रक्रिया कशी करावी, अशी प्रात्यक्षिके ते शेतकऱ्यांस करून दाखवितात आणि गटाने एखादा विषय ग्रामस्थांपुढे मांडतात. या गटाने निरनिराळ्या देशांची शाश्वत विकासाची राष्ट्रीय धोरणे हा विषय निवडला होता. विषय मोठा होता, पण मांडणी नीटनेटकी होती.

श्रीमती ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक आयोगाने १९८७ साली आपला अहवाल दिला आणि शाश्वत विकासाची कल्पना जगापुढे आली. पुढे १९९२ साली रिओ दी जानेरो येथे भरलेल्या परिषदेत प्रत्येक देशाने या कामासाठी आपले राष्ट्रीय धोरण तयार करावे, असे ठरले. २००२ साली जोहान्सबर्ग येथील परिषदेत या धोरणांची अंमलबजावणी २००५ पर्यंत सुरू व्हावी, असे आवाहन करण्यात आले. २०१५ साली संयुक्त राष्ट्रसंघाने १७ उद्दिष्टे व त्यांखालील १६९ लक्ष्ये स्वीकारली व त्यांच्या पूर्तीसाठी २०३० सालची मुदत घातली. आपल्या देशाने ३० जून २००८ रोजी हवामानबदलाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्यातील आठ अभियानांत शाश्वत शेतीचे एक व पाण्याचे एक अशी दोन अभियाने शेतकऱ्याच्या थेट जिव्हाळ्याची आहेत. राज्ये या उद्दिष्टांकडे कितपत सरकली, हे दाखविणारा निर्देशांक नीती आयोग २०१८ पासून प्रसिद्ध करीत आला आहे.

इतर देशांची उदाहरणेही विद्यार्थ्यांनी दिली. फिलिपाईन्सने १९९६ साली आपला राष्ट्रीय कार्यक्रम स्वीकारला. भूतानने २००८ च्या राज्यघटनेतच असे लिहून ठेवले की, देशाच्या किमान ६० टक्के भूमीवर वने सदैव राहिली पाहिजेत. जर्मनीचे धोरण २००२ सालचे. त्यात एक लक्ष्य असे होते की, घरे, कारखाने व रस्ते यांच्याखाली दररोज जी नवी जमीन जाते ती २०२० पर्यंत ३० हेक्टरांवर आणावी. त्या सुमारास हा आकडा दिवसाला सुमारे १३० हेक्टर होता. २०२० साली तो ३० वर आला नाही, ५० च्या वरच राहिला. मात्र तो कमी झाला, आणि लक्ष्य हुकले हे सर्व देशास कळले, कारण मोजणी चालू होती.

धोरण म्हणजे बांधून कपाटात ठेवावयाचा ग्रंथ नव्हे. परिस्थिती पाहणे, ठरविणे, करणे, मोजणे आणि मोजणीवरून पुन्हा सुधारणे असे ते सतत फिरणारे चक्र आहे, असा निष्कर्ष विद्यार्थ्यांनी अखेरीस काढला. हा निष्कर्ष योग्यच होय.

एका बागाइतदाराचा प्रश्न

सादरीकरणानंतर एका वृद्ध बागाइतदाराने उठून विचारले, "बाळांनो, तुम्ही सांगितले ते सगळे चांगले आहे. पण माझ्या विहिरीचे पाणी मार्च महिना लागला की मचूळ होते. माझ्या वडिलांच्या वेळी ते वर्षभर गोड असे. तुमच्या सतरा उद्दिष्टांत माझी विहीर कितव्या उद्दिष्टात बसते?"

पाणी हे सहावे उद्दिष्ट असल्याचे एका विद्यार्थ्याने सांगितले. त्यावर ते गृहस्थ म्हणाले, "मग गावातल्या किती विहिरी मचूळ झाल्या, ते तुमच्या आकड्यांत असेल की."

तेव्हा गटातील एक विद्यार्थिनी म्हणाली, "नाही, काका. देशाचे आणि राज्याचे आकडे आम्ही आणले, पण या गावच्या विहिरी कोणी मोजल्याचे आम्हांला आढळले नाही."

दादरला भाजी घेऊन जाणाऱ्या एका बाईंनी त्यात भर घातली. उन्हाळ्यात आपल्या भाजीची पाने कडेने करपतात आणि तसा माल बाजारात मागे पडतो, असे त्या म्हणाल्या. पानांच्या कडा करपणे हे पाण्यातील क्षार वाढल्याचे एक नेहमीचे लक्षण आहे. पालाशच्या कमतरतेमुळेही असेच दिसते, म्हणून परीक्षण केल्याशिवाय निदान करू नये. मात्र विहिरीचे मचूळ पाणी आणि करपलेली पाने ही दोन्ही एकाच गावात, एकाच ऋतूत दिसू लागली, तर त्यांचा संबंध तपासणे अगत्याचे ठरते.

त्या सायंकाळचे सार या प्रश्नोत्तरांत होते. राष्ट्रीय धोरणाचे चक्र मोजणीवाचून फिरत नाही, हे विद्यार्थ्यांनी सांगितले. आणि ती मोजणी गावापर्यंत पोहोचली नाही, हे ग्रामस्थांनी दाखवून दिले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

वसईची वाडी कशावर उभी आहे?

वसईची बागाईत फार जुनी आहे. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये येथील केळी, ऊस व पानवेलीच्या बागांचे वर्णन आलेले आहे. राजेळी केळी वाळवून केलेली येथील सुकेळी प्रसिद्ध आहेत. भाजीपाला, नारळ, पानवेल, सोनचाफा व मोगरा यांवर येथील कित्येक कुटुंबांचा चरितार्थ चालत आला आहे.

ही सर्व समृद्धी एका अवघड जागी उभी आहे. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा नदीचे मुख आणि मधल्या सखल भागात खाजणे व मिठागरे; या सर्वांच्या मध्ये रेताड पोयट्याची एक पट्टी आणि तिच्या पोटात पावसाचे गोडे पाणी. वाडवडिलांनी या पाण्याचा उपयोग मोठ्या शहाणपणाने केला. वाडीत विहीर असे, आणि जागोजाग बावखल असे. बावखल म्हणजे जमीन खोल खणून केलेले, न बांधलेल्या तळाचे लहान तळे. पावसाळ्यात आजूबाजूचे पाणी त्यात उतरे, तेथून ते जमिनीत मुरे, आणि पुढे तेच विहिरीस मिळे. विहिरीतून पाणी काढावयास रहाट होता. जनावर जुंपून फिरविलेली घटमाळ दिवसभरात जेवढे पाणी काढी, तेवढे विहीर सहसा रात्रीतून भरून काढी. रहाटाच्या मर्यादेमुळे उपशाचीही मर्यादा आपोआप पाळली जाई.

ही घडी नंतर बदलली. रहाट जाऊन विजेचे पंप आले. मुंबईच्या वाढीबरोबर विरार, नालासोपारा व वसई यांची वस्ती वाढली. २००९ साली चार नगरपालिका व आसपासच्या ग्रामपंचायती मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२,२२,३९० भरली. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गावांतील विहिरींचे पाणी टँकरने नव्या वसाहतींस जाऊ लागले. वसईची हिरवाई राखण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराखाली हरित वसई संरक्षण समितीने त्या काळी जी चळवळ केली, ती अनेकांच्या स्मरणात असेल. दरम्यान कित्येक बावखले भराव घालून बुजविण्यात आली. पाणी मुरण्याची जागा कमी झाली तसे पावसाळ्यात ते साचूही लागले. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये जो जलप्रलय झाला, त्यात वस्त्या व रेल्वेमार्ग पाण्याखाली गेले. जुलैत पाणी फार आणि मेमध्ये पाणी मचूळ, ही दोन वेगळी संकटे दिसतात. परंतु पाणी मुरण्याची जागा नाहीशी होणे हे त्या दोहोंचेही एक कारण आहे.

चाळीस पटींचा हिशेब

किनाऱ्यावरील विहीर मचूळ का होते, हे प्रत्येक बागाइतदाराने समजून घेतले पाहिजे. जमिनीच्या पोटात गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण खारे पाणी थोडे जड असते. हॉलंड व जर्मनी येथील दोन अभियंत्यांनी, घायबेन व हर्झबर्ग यांनी, एकोणिसावे शतक संपता संपता व विसावे सुरू होताना याचा नियम मांडला. भूजलाची पातळी समुद्राच्या पातळीपेक्षा १ फूट उंच असेल, तर समुद्रपातळीखाली सुमारे ४० फुटांपर्यंत गोडे पाणी टिकते. उलटपक्षी, उपशामुळे ही पातळी १ फुटाने कायमची खाली गेली, तर खालचे खारे पाणी कालांतराने ४० फुटांपर्यंत वर येऊ शकते.

हा नियम सारख्या रेताड जमिनीस चांगला लागू पडतो. खडकाच्या भेगांतून पाणी वाहते तेथे त्यात फरक पडतो. तरीही त्याचा बोध स्पष्ट आहे. विहिरीची पातळी थोडीशी उतरली, असे आपण म्हणतो तेव्हा जमिनीखाली फार मोठी उलथापालथ चालू असते. म्हणून पाणी कमी झाले की विहीर अधिक खोल करावी अथवा बोअर घ्यावी, हा देशावरचा उपाय किनारपट्टीत उलटा पडण्याचा संभव असतो. खोल जावे तसे आपण खाऱ्या पाण्याच्याच जवळ जातो.

एका गुंठ्याचा जमाखर्च

आता पाण्याचा जमाखर्च मांडून पाहू. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. आपल्या किनारपट्टीत वर्षाचा पाऊस २,००० मिलिमीटर धरला, तर एका गुंठ्यावर सुमारे २ लाख लिटर पाणी पडते. हे सर्व पाणी मुरत नाही. बरेचसे वाहून जाते, काहीची वाफ होते. चौथा हिस्सा मुरला असे हिशेबापुरते धरल्यास जमेस सुमारे ५० हजार लिटर येतात.

खर्चाची बाजू अशी. दीड मीटर अंतरावर लावल्यास गुंठ्यात केळीची सुमारे ४५ झाडे बसतात. ठिबकने दर झाडास दिवसाला सरासरी १५ लिटर पाणी दिले आणि कोरडे दिवस २४० धरले, तर खर्च सुमारे १ लाख ६२ हजार लिटर होतो. म्हणजे एक गुंठा केळी जगविण्यास तीन गुंठ्यांहून अधिक मोकळ्या जमिनीवर मुरलेले पाणी लागते.

हे आकडे गृहीत धरलेले असून प्रत्येकाने आपल्या वाडीप्रमाणे ते बदलून घ्यावेत. परंतु त्यांतून निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे. केळीची वाडी केवळ स्वतःच्या अंगावर पडलेल्या पावसावर जगत नाही. शेजाऱ्याचे मोकळे अंगण, पड जमीन, नारळाची बाग, भातखाचर आणि बावखल ही सर्व मिळून तिला पाजतात. शेजारची दोन गुंठे जागा सिमेंटखाली गेली, तर वाडीचे क्षेत्र सातबाऱ्यावर तेवढेच राहते, पण तिचे पाणी घटते. दहा हजार लिटरचे दहा टँकर रोज भरले गेले, तर एका गुंठ्यावर वर्षभरात पडणारा सगळाच्या सगळा पाऊस दोन दिवसांत संपतो.

जर्मनीसारखे राष्ट्र रोज किती हेक्टर जमीन बांधकामाखाली जाते हे का मोजते, याचे उत्तर आपल्या केळीच्या गुंठ्यात मिळते. मोकळी जमीन ही केवळ पिकाची जागा नव्हे. ती पाण्याची आवक आहे.

आपल्याच राज्यातील धडा

यासाठी परदेशी जाण्याचेही कारण नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव पर्जन्यछायेत आहे. तेथील पाऊस आपल्या पावसाच्या पाव हिश्श्याइतकाही भरत नाही. श्री. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाल्यानंतर तेथील ग्रामस्थांनी पाणलोटाची कामे केली आणि त्याचबरोबर पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली. पाऊस किती पडला व विहिरींत पाणी किती आहे, हे पाहून त्या वर्षी कोणती पिके घ्यावयाची हे ग्रामसभेत ठरते. शेतीसाठी बोअर घेऊ नये, असाही निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतला. २०१९ च्या अखेरीस सुरू झालेल्या अटल भूजल योजनेतही गावपातळीवरील पाण्याच्या अंदाजपत्रकास महत्त्वाचे स्थान देण्यात आले. गावात जे आधी झाले, ते नंतर राष्ट्राच्या योजनेतही दिसले. धोरण नेहमी वरूनच खाली येते असे नाही.

हिवरे बाजारला पाणी साठवावयाचे होते. आपणांस ते साठवावयाचे आहे, शिवाय त्याच्या दाबाने खारे पाणी खाली रोखून धरावयाचे आहे. आपला पाऊस अधिक आहे, पण आपली चूक झाल्यास ती सुधारण्यास लागणारा काळही अधिक आहे. जमिनीखाली एकदा शिरलेले खारे पाणी मागे हटविण्यास कित्येक पावसाळे जावे लागतात.

गावाची विहीरवही

वरील चर्चेनंतर विद्यार्थ्यांनी पुढाकार घेऊन गावासाठी एक विहीरवही तयार केली. ती कोणत्याही गावास सहज ठेवता येईल. तिची पद्धत अशी :

१. गावाच्या निरनिराळ्या भागांतील काही विहिरी निवडाव्यात. किनाऱ्याजवळची, मधली व खाजणाजवळची, अशा तिन्ही प्रकारच्या असाव्यात. प्रत्येकीच्या काठावर रंगाने एक कायम खूण करावी.

२. जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत ठरलेल्या तारखेस, सकाळी पंप सुरू होण्यापूर्वी, वजन बांधलेल्या फीतीने खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजून लिहावे.

३. त्याच वेळी पाण्याची विद्युत्‌वाहकता खिशात मावणाऱ्या मापकाने पाहावी. पंप काही मिनिटे चालवून पुन्हा एकदा पाहावी. सर्वसाधारणपणे ०.७५ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंतचे पाणी बहुतेक पिकांस चालते. त्यापुढे जपून वापरावे, आणि २.२५ च्या वर ते ओलितास धोक्याचे समजावे. वर्षातून एकदा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.

४. वहीच्या शेवटच्या पानावर दरवर्षी तीन आकडे लिहावेत : गावात जिवंत बावखले किती, या वर्षी बुजली किती, आणि किती गुंठे मोकळी जमीन बांधकामाखाली गेली.

एका दिवसाच्या मोजणीवरून कोणताही निष्कर्ष काढू नये. निदान तीन-चार वर्षांच्या नोंदी हाती आल्या म्हणजे विहिरीचा कल दिसू लागतो. विद्यार्थी परत जातील, अधिकाऱ्यांच्याही बदल्या होतील. म्हणून ही वही ग्रामस्थांनी स्वतःच्या हाती ठेवावी व शाळेतील वरच्या वर्गातील मुलांस या कामी जोडून घ्यावे.

वाडीत करावयाची कामे

मोजणी चालू असताना हात बांधून बसण्याचे कारण नाही. पुढील गोष्टी प्रत्येक बागाइतदारास करता येण्यासारख्या आहेत.

पंप एका दमात फार वेळ चालवू नये. सतत उपशाने विहिरीच्या तळाखालील खारे पाणी शंकूसारखे वर उचलले जाते. थोडा वेळ उपसा व मग विश्रांती, अशी पद्धत ठेवावी. केळीची वाळलेली पाने, नारळाची सोडणे व पालापाचोळा जाळू नयेत. त्यांचे आच्छादन केल्यास बाष्पीभवन घटते व क्षार वर चढत नाहीत. ठिबकाखालील ओल्या भागाच्या कडेला क्षार साठतात. पावसाची पहिली हलकी सर आली की ते मुळांकडे ओढले जातात. म्हणून पहिल्या हलक्या सरींच्या वेळी ठिबक लगेच बंद करू नये, जोराचा पाऊस होईपर्यंत थोडा वेळ चालू ठेवावे.

बावखलातील गाळ पावसाळ्यापूर्वी काढावा व तो तपासून वाडीत घालावा. त्यात सांडपाणी किंवा कचरा जाऊ देऊ नये. बावखलाच्या तळाशी प्लॅस्टिक अंथरू नये. अस्तर घातलेल्या शेततळ्यात पाणी साठते, परंतु मुरत नाही, आणि आपणांस ते मुरावयास हवे आहे. एक गुंठा क्षेत्राचे व सरासरी दोन मीटर खोल असे बावखल एका भरण्यात सुमारे २ लाख लिटर पाणी धरते, आणि पावसाळ्यात ते मुरत व पुन्हा भरत राहते. घराच्या छपरावरचे पाणी पहिल्या सरी सोडून, वाळू व खडी यांच्या गाळणीतून विहिरीत घ्यावे. ज्या विहिरींचे पाणी आताच मचूळ आहे, त्यांवर केळी व शेंगभाज्यांसारखी नाजूक पिके घेऊ नयेत. नारळ व बीट ही पिके क्षार अधिक सोसतात. मात्र पीक बदलणे ही तात्पुरती सोय होय, रोगाचा इलाज नव्हे. त्याचप्रमाणे कोणी सांगितले म्हणून जिप्सम टाकू नये. ते चोपण जमिनीस उपयोगी असते, पाण्यातील मीठ त्याने जात नाही.

गावाच्या हाती नसलेल्या गोष्टी

हे सर्व करूनही काही गोष्टी एकट्या गावाच्या आवाक्याबाहेर राहतात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कोणती जमीन शेतीसाठी राखावयाची व कोणती बांधकामास द्यावयाची, हे नियोजन करणाऱ्या यंत्रणा ठरवितात. शहरातील लाखो लोकांना पाणी हवे, तेही न्याय्यच आहे. वसई-विरारची तहान भागविण्यास सूर्या प्रकल्पाचे पाणी आणण्यात आले. परंतु तो प्रकल्प मुळात डहाणू, पालघर व विक्रमगड भागातील शेतीच्या ओलितासाठी योजलेला होता, हेही विसरता येत नाही. एका ठिकाणचा विकास दुसऱ्या ठिकाणच्या शेतकऱ्याच्या पाण्यावर उभा राहिला, तर त्यास शाश्वत म्हणणे कठीण आहे. आपल्या पायाखालचे गोडे पाणी जपणे हे म्हणूनच दूरच्या आदिवासी शेतकऱ्याच्याही हिताचे आहे. आपण जेवढे पाणी येथे राखू, तेवढे मागणे तिकडे कमी होईल.

अशा प्रश्नांचा निर्णय व्हावयाचा असेल तेव्हा ज्या गावाजवळ नोंदी असतील त्याचे म्हणणे अधिक वजनाने ऐकले जाईल. "आमचे पाणी बिघडले" असे म्हणणाऱ्यास सहानुभूती मिळते. "या सहा विहिरी, या पाच वर्षांच्या नोंदी, आणि या काळात बुजलेली ही बावखले" असे दाखविणाऱ्यास मात्र उत्तर द्यावे लागते. ग्रामपंचायत असलेल्या गावांनी ही वही आपल्या वार्षिक विकास आराखड्यास जोडावी. जलसमृद्ध गाव हा त्या आराखड्याच्या विषयांपैकी एक आहेच. महानगरपालिकेच्या हद्दीतील गावांनी ती प्रभागातून पुढे पाठवावी.

विद्यार्थ्यांस एक सूचना करावीशी वाटते. राष्ट्रीय धोरणांचा अभ्यास त्यांनी अवश्य करावा. जगातील इतर देश काय करतात हे कळल्याखेरीज आपली उणीव दिसत नाही. मात्र पुढील गटाने आपल्या मांडणीचे पहिले पान गावच्या विहिरीचे ठेवावे आणि तेथून राज्य, राष्ट्र व जग असे वर चढावे. ज्या गावात आपण राहतो त्याचा आकडा ज्यास ठाऊक आहे, त्यासच देशाच्या आकड्याचा अर्थ कळतो.

शेतकरी बंधुभगिनींनो, येत्या मे महिन्यात वाडीतील विहिरीची पहिली नोंद करा. वही दोनशे पानी असो वा शाळेची साधी असो, तारीख व आकडा मात्र चुकू देऊ नका. विहिरीच्या काठाशी लिहिलेला तो आकडा आपल्या मुलांना पुढे ही वाडी कसता येईल की नाही, हे वेळीच सांगू शकेल. आणि वेळीच कळले तर उपायही करता येतील.